शहर दारात आले, उतारा कुठे गेला?

मागच्या महिन्यात एका रविवारी हवेली तालुक्यातील एका बौद्ध वस्तीत बैठकीला गेलो होतो. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. वस्तीचे प्रकरण प्रांताधिकाऱ्यांपुढे आहे आणि समोरची मंडळीही वर्तमानपत्र वाचतात. एवढे सांगतो की, ३० जून २०२१ रोजी जी २३ गावे पुणे महानगरपालिकेत घेतली गेली, त्यांपैकी हे एक. बेचाळीस घरे, मधोमध विहार, विहारासमोर निळ्या झेंड्याचा खांब. तिन्ही बाजूंनी वीस-बावीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. पश्चिमेची इमारत तर एवढी अंगावर आली आहे की दुपारी तीननंतर वस्तीवर ऊन पडत नाही. एक ताई म्हणाल्या, "साहेब, आमच्या कुरडया आता वाळत नाहीत." सगळे हसले, मीही हसलो. घरी परत येताना मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना.

वंदना झाली, बैठक सुरू झाली. तरुण मुले तावातावाने बोलत होती. मोर्चा काढू, आयुक्तांना घेराव घालू, अमुक नेत्याला बोलवू. तेवढ्यात मागून ऐंशीच्या पुढच्या एक आजी उठल्या. नातवाने पत्र्याची जुनी ट्रंक आणून माझ्यापुढे ठेवली. आजी म्हणाल्या, "वकीलसाहेब, भाषणं ऱ्हाऊ द्या. माझ्या सासऱ्यानं सरकारात पैसं भरल्यात. ते मरेपतुर सांगत व्हते. त्याची पावती ह्यात हाय का ते बघा."

बैठकीचा खरा विषय तोच होता. ओढ्याकाठची साडेतीन एकर जमीन. जुन्या लोकांच्या तोंडी तिचे नाव 'हाडोळा'. त्या जमिनीला आता पत्र्याचे कुंपण पडले आहे, दारात रखवालदार बसला आहे, आणि सात-बाराच्या कब्जेदार सदरी नाव आहे सरकारचे. आजींच्या सासऱ्यांचे नाव इतर हक्कात, तेही अर्धवट.

परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला गाव सोडायला सांगितले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याविषयी ते किती कठोर बोलले हे आपल्या कार्यकर्त्यांना पाठ आहे. गाव म्हणजे संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीयतेचे घर, हे त्यांचे निदान होते. आपले बापजादे त्यांचे ऐकून मुंबईच्या चाळींत गेले, पुण्याच्या दारूगोळा कारखान्यात गेले, रेल्वेत गेले. ते शिकले आणि त्यांनी मुलांना शिकवले. पण जे गावात राहिले त्यांच्या बाबतीत एक उलटेच घडले. ते शहराकडे गेले नाहीत, शहरच त्यांच्याकडे चालत आले. आणि येताना त्याने गावातली जात काही गावकुसाबाहेर ठेवली नाही. सात-बारा, गावठाणाचा नकाशा आणि मोजणीची शीट यांच्यासोबत ती तशीच उचलून आणली. गावाची वेस पडली, पण वेशीबाहेरची वस्ती नकाशावर वेशीबाहेरच राहिली.

हाडोळा म्हणजे काय, हे आजच्या पिढीला सांगावे लागते. गावाने आपल्यावर जी कामे लादली (जासूदकी, सरकारी माणसाची बडदास्त, हद्दीची राखण, मेलेली गुरे ओढणे, सांगावा घेऊन रात्री-अपरात्री पळणे) त्यांच्या मोबदल्यात तुकडाभर जमीन दिली. ती वतनाची जमीन. जुन्या कागदांवर 'इनाम वर्ग ६-ब' असा शेरा असतो तीच. तुकडा हलक्यातला, ओढ्या-नाल्याचा, आणि काम मात्र चोवीस तासांचे. बाबासाहेबांनी ही गुलामी पहिल्यांदा कायद्याच्या भाषेत मांडली. १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. ते तडीस गेले नाही, मागे घ्यावे लागले. पुढे सरकारने वतनावरची जुडी वाढवली तेव्हा डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावला परिषद भरवून त्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. यात विसंगती दिसते का? वतन नको म्हणणारे बाबासाहेब वतनाच्या जमिनीवरच्या कराविरुद्ध का लढतात? यात विसंगती मुळीच नाही. त्यांना वतनाची चाकरी नको होती, जमीन हवी होती. चाकरी जावी आणि जमीन राहावी हा त्यांच्या मागणीचा गाभा होता.

ती मागणी कायद्यात उतरली स्वातंत्र्यानंतर. मुंबई कनिष्ठ ग्राम वतने निर्मूलन कायदा १९५८ साली झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून लागू झाला. वतने नष्ट झाली, चाकरी संपली. जमीन आधी सरकारकडे गेली आणि मग ती वतनदाराला परत द्यायची, याला 'रीग्रँट' म्हणतात. पण परत कशी? आकाराच्या तिप्पट रक्कम ठरलेल्या मुदतीत भरली तर. आकार म्हणजे शेतसारा, तेव्हाच्या हिशेबाने एकराला काही रुपये. म्हणजे भरायची रक्कम डोंगराएवढी नव्हती. मुदतीत पैसे भरले नाहीत तर? कायदा सांगतो, तो धारक अनधिकृत कब्जेदार ठरतो आणि त्याला काढून टाकता येते.

आता विचार करा. १९५९ सालचा महारवाडा. नुकतीच धम्मदीक्षा झालेली, गावाने बहिष्कार टाकलेला, बलुते बंद केलेले. तलाठी कोण? पाटील कोण? मुदतीची दवंडी वस्तीपर्यंत पोचली का? ज्यांच्यापर्यंत पोचली त्यांनी कुणी शेळी विकून, कुणी मुंबईच्या भावाकडून मागवून पैसे भरले. ज्यांच्यापर्यंत पोचली नाही ते जमीन कसत राहिले, आपलीच समजून, आणि उताऱ्यावर 'सरकार' लागले. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४-६५ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला, हजारो लोक तुरुंगात गेले, तो पडीक आणि सरकारी जमिनीसाठी. आपलीच वतनी जमीन आपल्या नकळत सरकारी होत होती, हे त्या काळात किती जणांना कळले असेल?

आजींचे सासरे म्हणत होते की त्यांनी पैसे भरले. म्हणून ट्रंक.

ज्यांच्या नावे जमीन परत लागली त्यांचीही सुटका झाली नाही. त्याच कायद्याच्या कलम ५(३) प्रमाणे ही जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, सरस-निरस वाटून घेता येत नाही. सात-बारावर 'भोगवटादार वर्ग २' आणि 'नवीन अविभाज्य शर्त' असे लिहिलेले असते ते यामुळे. हेतू चांगला होता. गरीब वतनदाराला फसवून कुणी जमीन लाटू नये. पन्नास वर्षे या शर्तीने बऱ्याच जमिनी वाचवल्याही, हे मान्य केले पाहिजे. पण शहर जवळ आले आणि ही शर्त धनदांडग्यांच्या हातातले हत्यार झाली. कसे ते सांगतो, कारण हे मी जवळून पाहिले आहे. नुसते पाहिले नाही, केलेही आहे.

२००७ साल. नुकतीच सनद घेतली होती. एका ज्येष्ठ वकिलांकडे काम शिकत होतो. एके दिवशी त्यांनी मला एका जमीन-दलालाच्या गाडीत बसवून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका वस्तीवर पाठवले. सोबत टंकलिखित कुलमुखत्यारपत्र होते. तीन भावांची वतनी जमीन. विकता येत नाही ना? मग विकायची नाही. फक्त 'सर्व अधिकार' द्यायचे. विसार म्हणून प्रत्येकाला पन्नास हजार. मोठ्या भावाने मला विचारले, "यात काय लिहिलंय रे बाळा?" मी म्हणालो, "परवानग्या काढायचे अधिकार आहेत." ते खोटे नव्हते आणि खरेही नव्हते. बारा कलमांत एक कलम परवानगीचे होते. म्हातारा माझ्या गळ्यातले पेंडंट बघून म्हणाला, "तू आपला जयभीमवाला हायस, मग काय बघायचं?" आणि अंगठा उठवला.

मला त्या गाडीत का बसवले होते, ते मला फार उशिरा कळले. मसुदा कोणीही वाचून दाखवला असता. त्यांना मसुदा वाचणारा नको होता, 'आपला माणूस' हवा होता. आज तिथे संकुल उभे आहे. तिघे भाऊ वारले. त्यांची मुले त्याच संकुलात सुरक्षारक्षक आणि घरकामाला आहेत. हे लिहून माझे मन हलके होईल असे मला वाटत नाही. पण आपल्या वस्त्यांत आजही पांढरा शर्ट घातलेली, खिशाला पेन लावलेली 'आपली माणसे' हिंडत आहेत, म्हणून लिहितो.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी सूरज लॅम्पच्या प्रकरणात सांगितले की कुलमुखत्यारपत्राने मालकी जात नाही. अधिकार देणारा वारला की एरवी ते मुखत्यारपत्रही संपते. पण कागदावरचा कायदा आणि जमिनीवरचे कुंपण यांत फार अंतर आहे. कुंपण एका रात्रीत पडते, दावा पंधरा वर्षे चालतो. आणि मधेच कुणीतरी शर्तभंगाची तक्रार करतो. शर्तभंग कुणाचा? वतनदाराचा! शर्त मोडली म्हणून जमीन सरकारजमा होऊ शकते. म्हणजे फसवला गेला तो आणि गुन्हेगारही तोच. ज्याने फसवले तो मग सरकारदरबारी अर्ज करून, नजराणा भरून व्यवहार नियमित करून घ्यायला धावतो. त्याच्याकडे पैसा आहे. आपल्या माणसाकडे रेडी रेकनरच्या भावाने नजराणा भरायला पैसे असते तर त्याने अंगठा उठवलाच कशाला असता?

मुंढव्याचे प्रकरण आठवा. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रभर गाजले. पुण्याच्या मुंढव्यातील सुमारे ४० एकर महार वतनाची जमीन, उताऱ्यावर सरकारचे नाव, ३०० कोटींचे खरेदीखत, मुद्रांक शुल्कातील सवलत, आणि मूळ वतनदारांच्या वतीने सही करणारी व्यक्ती कुलमुखत्यारपत्रधारक. गुन्हे दाखल झाले, व्यवहार रद्द करत असल्याचे जाहीर झाले. कोण दोषी, हे न्यायालय ठरवील; मी त्यात शिरत नाही. मला सलते ते वेगळेच. पंधरा दिवस वाहिन्यांवर चर्चा चालली ती जमीन कुणाच्या मुलाच्या कंपनीने घेतली याची. ती कुणाच्या आज्याची होती, तो आज्या तिथे काय पेरत होता, त्याची नातवंडे कुठे राहतात, हे फार थोड्यांनी विचारले. आपल्यापैकीही किती जणांनी विचारले?

याच मुंढव्याच्या शेजारी हडपसरला मगरपट्टा आहे. तिथल्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि २००० सालापासून तिथे नगर उभे केले. जमीन विकून मोकळे झाले नाहीत, भागधारक झाले. आपले भाषणबाज मित्र म्हणतील, ते प्रस्थापित, त्यांना सगळे सोपे. अर्धे खरे आहे. त्यांच्या जमिनी वर्ग १ च्या होत्या, त्यांचे नेतृत्व सत्तेच्या जवळ होते. पण उरलेले अर्धे काय? आपल्या एका हाडोळ्याला दीड-दोनशे वारस, आणि त्या दोनशे जणांना एका विहारात एकदा बसवणे आपल्याला जमत नाही. एक भाऊ एका गटात, दुसरा दुसऱ्या गटात. जमिनीचा दलाल हे आपल्याआधी ओळखतो. तो वस्तीत येतो तेव्हा त्याच्या वहीत कोण कुणाशी बोलत नाही याची यादी असते.

जमिनीचे हे झाले. घरांचे दुखणे याहून गुंतागुंतीचे आहे.

या वस्तीची जुनी घरे गावठाणाच्या कडेला आणि पुढे वाढलेली घरे गायरानात आहेत. बहुतेक जुन्या बौद्ध वस्त्यांचे असेच असते, कारण गावाने आपल्याला पांढरीत जागाच एवढीशी दिली की दुसऱ्या पिढीला पाय पसरायला गायरानाखेरीज जागा नव्हती. ग्रामपंचायत होती तोवर नमुना नंबर आठचा उतारा मिळे, घरपट्टी भरली जाई, विजेचे मीटर येई आणि कुणी काही विचारत नसे. एवढ्याने घर आपले होते असे लोकांना वाटे. मग २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा जगपालसिंग निकाल आला: गावाच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणे हटवा. १२ जुलै २०११ रोजी आपल्या राज्य सरकारने त्यावर शासन निर्णय काढला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर राज्यातील गायरानावरच्या दोन लाखांहून अधिक अतिक्रमणांचा विषय आला आणि गावोगाव नोटिसा निघाल्या. या वस्तीत अकरा घरांना आली.

ज्या निकालाच्या नावाने या नोटिसा येतात तो निकाल नोटीस घेणाऱ्याने वाचलेला नसतो, हे समजू शकतो. नोटीस देणाऱ्यानेही वाचलेला नसतो, हे दुःख आहे. त्याच निकालात म्हटले आहे की भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना शासकीय अधिसूचनेनुसार पट्टा दिलेला असेल, किंवा त्या जागेवर शाळा, दवाखाना वा अन्य सार्वजनिक सोय असेल, तर अपवाद म्हणून नियमित करता येईल. आपल्या राज्याचा २८ नोव्हेंबर १९९१ चा निर्णय आहे, १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा. तो घरांना लागू नाही, हे मीच आधी सांगतो. उगाच खोटी आशा नको. पण याच वस्तीतील दोन कुटुंबे गायरानात १९८० पासून ज्वारी करत होती. त्यांनी अर्जच केला नाही, कारण कुणी सांगितलेच नाही. १४ एप्रिलला मिरवणूक निघाली, १४ एप्रिल १९९० या तारखेचा अर्थ मात्र वस्तीत कुणाला ठाऊक नव्हता.

शहरात आल्यावर आणखी एक चमत्कार झाला. महापालिकेचा माणूस पाहणीला आला आणि वहीत लिहून गेला: 'झोपडपट्टीसदृश'. पलीकडची इमारत सात वर्षांची, वस्ती निदान दीडशे वर्षांची, आणि झोपडपट्टी कोण तर वस्ती! शब्द साधा नाही. झोपडपट्टी ठरली की १९७१ चा कायदा लागतो, १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा मागतात, नंतर १ जानेवारी २०११ ची सशुल्क पायरी येते, मग विकासक येतो आणि माणूस 'पात्र' की 'अपात्र' एवढ्यावर येतो. गावठाणातल्या मूळ रहिवाशाचा हक्क आणि झोपडीधारकाची पात्रता या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपली आहे, दुसरी मेहेरबानी आहे. डिसेंबर २०२० मध्ये शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो चांगलाच झाला. या वस्तीलाही नवा फलक लागला. फलक बदलायला एक दिवस लागला. नगर भूमापनात या घरांची नोंद करा, हा अर्ज तीन वर्षे पडून आहे.

बरे, दाद कुणाकडे मागायची? ग्रामपंचायत असताना वस्तीचा एक राखीव सदस्य होता. फार काही करत नसे, पण दारात उभा राहून शिव्या तरी घालता येत. मागासवर्गीयांसाठी पंचायतीच्या उत्पन्नातील पंधरा टक्के खर्च करा, असे ग्रामसभेत उठून म्हणता येई. जून २०२१ ला पंचायत गेली. महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. साडेचार वर्षे या माणसांना ना सरपंच, ना नगरसेवक. कुंपण पडले ते याच काळात. हा योगायोग आहे असे ज्यांना वाटते त्यांनी वाटून घ्यावे.

कुणी म्हणेल, दादासाहेब गायकवाडांच्या नावाची सबलीकरण योजना आहे ना, भूमिहीनांना जमीन देणारी? आहे. २००४ पासून आहे. चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. २०१८ च्या निर्णयाने जिरायतीला एकरी पाच लाख आणि बागायतीला आठ लाख अशी कमाल किंमत ठरली. शहराच्या कडेला या भावात एक गुंठाही कुणी दाखवणार नाही. म्हणजे इथल्या भूमिहीनाला योजना सांगते, तू लांब जा. आपला हाडोळा डोळ्यांसमोर पत्र्याआड आणि आपण जमीन मागायला दुसऱ्या तालुक्यात!

आता थोडे कडू. बैठकीत वारसांची यादी करायला बसलो. चार भावांच्या शाखा, नावे भराभर आली: बाळू, दिलीप, त्यांची मुले, नातू. अर्ध्या तासाने मी विचारले, "मुली?" सगळे गप्प. एक काका म्हणाले, "त्या दिल्या घरी सुखी आहेत साहेब, त्यांना कशाला?" मी त्यांना म्हणालो, काका, हिंदू कोड बिल अडवले म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदावर लाथ मारली, ती कशासाठी? स्त्रियांना वारसा मिळावा म्हणूनच ना? वारसाच्या बाबतीत आपण बौद्ध असलो तरी हिंदू उत्तराधिकार कायदाच आपल्याला लागतो, ही आपली एक जुनी खंत आहे. पण त्याच कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने आहे. हक्क ऐच्छिक नाही. आणि व्यवहाराचेही सांगतो: ज्या बहिणीचे नाव तुम्ही गाळता, तिचाच पत्ता शोधत दलाल जातो आणि तिच्याकडून सही आणतो. ती का देणार नाही? तुम्ही तिला मोजलेच नव्हते.

त्यानंतर यादी पुन्हा सुरू झाली. चौसष्टवर थांबली. त्यात अठ्ठावीस स्त्रिया. एक आत्या उल्हासनगरला, एक बहीण नागपूरला, एकीचा पत्ता कुणालाच माहीत नाही. एका पोराने मोबाइलवर सगळ्यांची नावे टाकली. त्याला विचारले, काय शिकतोस? म्हणाला, "बी.ए. झालो, सर. डिलिव्हरी करतो. ह्याच टॉवरमध्ये येतो-जातो." त्याला म्हटले, उद्यापासून संध्याकाळचे दोन तास मला दे. फेरफार वाचायला शिकवतो. वस्तीला मोर्चाचे पुढारी खूप मिळतील, फेरफार वाचणारा एक पाहिजे.

कायद्याची एक बाजू आपल्याकडे आहे, तीही सांगून ठेवतो. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर कलम ३(१) ची एफ आणि जी ही उपकलमे आहेत. अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या मालकीची, ताब्यातील किंवा तिला दिलेली जमीन गैरमार्गाने बळकावणे, कसणे किंवा तिला बेदखल करणे हा गुन्हा आहे. फौजदार म्हणतो, हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा. त्याला नम्रपणे उपकलम दाखवावे आणि अर्जाची पोच घ्यावी. पण त्यासाठी ती जमीन आपल्या ताब्यात होती एवढे तरी दाखवता आले पाहिजे. शेतसाऱ्याची पावती, पीकपाण्याची नोंद, विहिरीची नोंद, काहीही. म्हणजे फिरून पुन्हा ट्रंकेकडेच.

ट्रंक आम्ही विहारातच उघडली. दीक्षेनंतर वस्तीने काढलेला एक पिवळा पडलेला फोटो, दोन जुनी रेशनकार्डे, एका मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, मिलच्या पगाराची पाकिटे, लग्नपत्रिका, एका दसऱ्याला नागपूरला गेल्याचे रेल्वेचे तिकीट. आणि एका कापडात गुंडाळलेल्या शेतसाऱ्याच्या सात पावत्या, १९६२ पासूनच्या. कब्जेहक्काच्या किमतीची पावती मात्र नाही. मी दोनदा तळ चाचपला. आजी माझ्या हाताकडे बघत होत्या. मी मान वर केली तेव्हा त्यांनी काही विचारले नाही.

पावती नाही म्हणून पैसे भरले नाहीत असे होत नाही. १९६० च्या आसपासच्या फेरफार नोंदवहीत एका गटाची नोंद आहे, ती 'आपले अभिलेख'च्या संकेतस्थळावर पाहिली. सासऱ्यांचे नाव लागते, पुढे 'रक्कम रुपये' एवढे वाचता येते आणि त्यापुढे पान काळे आले आहे. स्कॅन करताना पान दुमडले असावे. मूळ वही तहसीलच्या अभिलेख कक्षात आहे. नकलेचा अर्ज दिला. तिथल्या माणसाने वही जीर्ण असल्याचे सांगून पुढच्या गुरुवारी यायला सांगितले. मी म्हटले, मला नक्कल नंतर द्या, आधी पान डोळ्यांनी बघू द्या. तो तयार झाला.

आजींना फोनवर हे सांगितले. त्या म्हणाल्या, "गुरुवारी मी येऊ का? सासऱ्याचं अक्षर मला वळखू येतं. त्यांची सही असंल त्यात."

रिक्षा सकाळी नऊला वस्तीवर पाठवतो म्हणून सांगितले आहे.